चंदनबीजतेल : रासायनिक घटना, गुणधर्म आणि चिकित्सकाचा विवेक

प्रास्ताविक

काही महिन्यांपूर्वी आमच्या एका व्यवसायबंधूंनी एक बाटली आमच्याकडे परीक्षणासाठी आणून दिली. बाटलीवर ‘शुद्ध चंदन तेल’ एवढेच छापलेले होते. किंमत नेहमीच्या चंदनतेलाच्या मानाने फारच कमी होती. मूत्रदाहाच्या एका रुग्णास त्यांनी हे तेल बत्ताशावर पाच-पाच थेंब याप्रमाणे आठ दिवस दिले होते. दाह तसूभरही कमी झाला नाही, म्हणून त्यांना शंका आली. बाटलीतील द्रव गडद तांबूस आणि दाट होता, व चंदनाचा गंध त्यास जवळजवळ नव्हता. सौम्य मद्यार्कात तो विरघळला नाही. क्षाराबरोबर उकळल्यावर मात्र त्याचा साबण झाला. ते चंदनाच्या खोडातील सुगंधी तेल नसून कोणते तरी स्थिर तेल आहे, हे यावरून स्पष्ट झाले. विक्रेत्याकडे विचारणा करता त्याने निःसंकोचपणे सांगितले, की हे चंदनाच्या बियांचे तेल आहे, आणि वर विचारले, “वैद्यराज, बीही चंदनाचेच ना? मग तेल चंदनाचे कसे नाही?”

प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक वैद्यास देता आले पाहिजे, कारण ते न देता आल्यास त्याचा भार रुग्णावर पडतो. चंदनबीजतेल हे टाकाऊ द्रव्य नाही, हेही येथे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अत्यंत वैशिष्ट्यपूर्ण तेल आहे आणि त्याचा अभ्यास गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांपासून होत आहे. या तेलाची घटना, त्याचे भौतिक व रासायनिक गुण, प्रायोगिक अभ्यासांचे निष्कर्ष आणि आयुर्वेदीय सिद्धांतांच्या प्रकाशात त्याचे स्थान यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘चंदनतेल’ या एका नावाखालील तीन द्रव्ये

व्यवहारात ‘चंदनतेल’ हा शब्द तीन अगदी वेगळ्या द्रव्यांसाठी वापरला जातो, आणि बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

पहिले द्रव्य म्हणजे चंदनाच्या गाभ्यापासून, अर्थात सारकाष्ठापासून व मुळांपासून, वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून मिळवलेले उडनशील तेल. अत्तराच्या व्यवसायात आणि औषधात ‘चंदनतेल’ म्हणून जे ओळखले जाते ते हेच. प्रतिजैविके येण्यापूर्वी पाश्चात्त्य वैद्यकातही मूत्रमार्गाच्या विकारांत ते पोटात देत असत.

दुसरे म्हणजे चंदनादि तैल, चंदनबलालाक्षादि तैल यांसारखे सिद्धतैल. यात आधारभूत स्नेह तिळतेलाचा असतो आणि चंदन हे कल्कातील वा क्वाथातील अनेक द्रव्यांपैकी एक असते.

तिसरे द्रव्य म्हणजे बियांच्या मगजातून दाबून वा विद्रावकाने काढलेले स्थिर तेल. आपल्या आजच्या विवेचनाचा विषय हा तिसरा पदार्थ आहे. या तिन्हींत नावापलीकडे साम्य फारच थोडे आहे.

फळ, बीज आणि तेलाची प्राप्ती

चंदन, म्हणजे सँटॅलम आल्बम, हा सँटॅलेसी कुलातील अर्धपरोपजीवी वृक्ष आहे. त्याची पाने स्वतः अन्न तयार करतात. परंतु मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना विशिष्ट शोषकांनी चिकटून त्यांच्याकडून पाणी व क्षार घेतात. म्हणूनच चंदनाच्या लागवडीत तूर, शेवरी, कडुनिंब यांसारखी यजमान झाडे सोबत लावावी लागतात.

सुगंधी गाभा तयार होण्यास दहा-पंधरा वर्षांनंतर आरंभ होतो, आणि चांगल्या प्रतीच्या गाभ्यासाठी याहून पुष्कळ अधिक काळ थांबावे लागते. फळे मात्र झाड लहान असतानाच, काही वर्षांतच धरू लागतात. दक्षिण भारतात वर्षातून साधारणतः दोन बहर येतात. फळ वाटाण्याएवढे वा किंचित मोठे, पिकल्यावर जांभळट काळे, वरून मांसल आणि आत कठीण कवचाची एकच बी असलेले असते. पक्षी ही फळे खातात आणि बीजप्रसारही तेच करतात. माळरानात व कुंपणाच्या कडेला आपोआप उगवलेली चंदनाची रोपे दिसतात ती त्यांच्यामुळेच.

बियांवरील गर धुऊन, त्या सावलीत वाळवून, कवच फोडून मगज वेगळा केला जातो. त्यातून वजनाच्या सुमारे निम्मे वा त्याहून किंचित अधिक तेल निघते. तेलबियांच्या तुलनेत हे प्रमाण चांगलेच आहे. काष्ठतेलाचे प्रमाण चांगल्या गाभ्यातही टक्क्यांच्या एकेरी अंकातच असते. गाभा मिळवण्यासाठी झाड तोडावे, किंबहुना मुळासकट उपटावे लागते. बी मात्र उभ्या झाडापासून दरवर्षी मिळते. बीजतेल स्वस्त का आणि काष्ठतेल महाग का, याचे उत्तर या दोन वाक्यांत आहे. स्वस्त द्रव्य महाग द्रव्याच्या नावाने विकण्याचा मोह का होतो, हेही त्यातूनच कळते.

एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिविषयक इंग्रजी ग्रंथांत या तेलाचा उल्लेख गोरगरिबांच्या दिव्यात जाळण्याचे दाट तेल असा आढळतो. पुढील संदर्भग्रंथांत त्वचारोगांवरील स्थानिक वापराचीही नोंद आहे. परंपरेने या तेलास दिलेले स्थान एवढेच होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रासायनिक घटना

तीळ, करडई, भुईमूग यांच्या तेलांप्रमाणेच चंदनबीजतेल हेही मुख्यतः ट्रायग्लिसराइडांचे बनलेले असते. म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूस मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेले असतात. त्याचे वेगळेपण या मेदाम्लांत आहे.

१९३८ साली माधुरनाथ व मंजुनाथ या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी चंदनाच्या बियांचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यातील प्रमुख आम्लास चंदनाच्या शास्त्रीय नावावरून ‘सँटॅल्बिक आम्ल’ हे नाव रूढ झाले. १९५० मध्ये दक्षिण आफ्रिकेत झिमेनिया काफ्रा या वृक्षाच्या बियांतून लिख्टेल्म व श्वार्ट्झ यांनी एक नवे आम्ल वर्णिले. ते ‘झिमेनिनिक आम्ल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे १९५४-५५ च्या सुमारास गन्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सँटॅल्बिक आम्लाची संरचना निश्चित केली, तेव्हा ही दोन्ही नावे एकाच आम्लाची असल्याचे स्पष्ट झाले. आज झिमेनिनिक आम्ल हेच नाव अधिक प्रचलित आहे.

या आम्लाची रचना थोडी समजून घेणे उपयुक्त ठरेल. त्याच्या रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे ३० व ऑक्सिजनचे २ अणू असतात. रेणूभार सुमारे २७८.४ आहे. अठरा कार्बनांची साखळी हे आपल्या परिचयाच्या अनेक मेदाम्लांचे लक्षण आहे. स्टिअरिक आम्लात ही साखळी पूर्ण संपृक्त असते. ओलेइक आम्लात नवव्या व दहाव्या कार्बनांमध्ये एक दुहेरी बंध असतो. झिमेनिनिक आम्लात त्याच जागी, नवव्या व दहाव्या कार्बनांमध्ये, तिहेरी बंध असतो. आणि लगेच पुढे अकराव्या व बाराव्या कार्बनांमध्ये ट्रान्स स्वरूपाचा दुहेरी बंध असतो. तिहेरी बंध असलेली, म्हणजे ॲसिटिलिनिक, मेदाम्ले वनस्पतिसृष्टीत मोजक्याच कुलांत आढळतात. खाद्यतेलांत ती नसतात. तिहेरी व दुहेरी बंध असे शेजारी आल्याने त्यांची संयुग्मित रचना बनते, आणि तेलाचे बहुतेक विशेष गुण याच रचनेतून उद्भवतात.

भारतीय चंदनाच्या बीजतेलात झिमेनिनिक आम्लाचे प्रमाण एकूण मेदाम्लांच्या सुमारे चार-पंचमांश इतके मोठे आढळते. उरलेल्या भागात ओलेइक आम्ल प्रमुख असते. पामिटिक, स्टिअरिक, लिनोलेइक, लिनोलेनिक व स्टिअरोलिक ही आम्ले अल्प प्रमाणात असतात. स्टिअरोलिक आम्लातही नवव्या जागी तिहेरी बंध असतो, पण पुढील दुहेरी बंध नसतो. ओलेइकपासून स्टिअरोलिक व त्यापासून झिमेनिनिक अशा क्रमाने वनस्पतीत हे आम्ल तयार होत असावे, असे मानले जाते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील चंदन, सँटॅलम स्पिकॅटम, ही वेगळी जाती आहे. तिच्या बीजतेलात ओलेइक आम्ल सुमारे निम्मे आणि झिमेनिनिक आम्ल सुमारे एक-तृतीयांश असते. त्याच प्रजातीतील क्वांडाँग, म्हणजे सँटॅलम ॲक्युमिनॅटम, याचे फळ व मगज तेथील मूलनिवासी परंपरेने वापरत आले आहेत. बीजतेलावरील प्रायोगिक अभ्यासांपैकी बरेच काम या दोन ऑस्ट्रेलियन जातींवर झालेले आहे. त्याचे निष्कर्ष भारतीय बीजतेलास जसेच्या तसे लावता येत नाहीत. कारण ज्या घटकाचा परिणाम तपासायचा, त्याचेच प्रमाण आपल्याकडील तेलात दुपटीहून अधिक आहे.

भौतिक व रासायनिक गुणधर्म

चंदनाचे बीजतेल गडद तांबूस व चिकट असते. ते शुष्कनशील गटात मोडते, म्हणजे हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि पातळ थरात पसरल्यास त्याचे कोरडे पटल बनते. जवसाच्या तेलाचा हा गुण आपल्या परिचयाचा आहे. चंदनबीजतेलात तो संयुग्मित बंधांमुळे येतो. म्हणून ते उघडे ठेवल्यास वा फार तापवल्यास दाट होते. स्नेहपाकाच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ मंदाग्नीवर पाक करावयाच्या सिद्धतैलासाठी तिळतेल जितके स्थिर, तितके हे तेल स्थिर राहणार नाही. वापरायचेच असल्यास सिद्ध व निवलेल्या तेलात शेवटी मिसळणे, गडद काचेच्या बाटलीत पूर्ण भरून थंड जागी ठेवणे आणि अल्पकाळातच संपवणे हेच योग्य होय.

विलग केलेले झिमेनिनिक आम्ल घन स्फटिकरूप असून सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते. अतिनील प्रकाशात २२९ नॅनोमीटरच्या आसपास ते ठळक शोषण दाखवते. साध्या ओलेइक वा लिनोलेइक आम्लयुक्त ताज्या तेलांत या जागी असे ठळक शोषण नसते, त्यामुळे प्रयोगशाळेत ही खूण ओळखीसाठी उपयोगी पडते.

काष्ठतेलाशी तुलना

आता गाभ्यातील तेल पाहू. त्यात मेदाम्लांचे ग्लिसराइड नसतात. ते मुख्यतः सेस्क्विटर्पीन वर्गातील मद्यार्कांचे बनलेले असते. आंतरराष्ट्रीय मानक ३५१८ च्या २००२ च्या आवृत्तीनुसार भारतीय चंदनतेलात अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के व बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावयास हवे. सँटॅलॉलचा रेणू १५ कार्बन, २४ हायड्रोजन व १ ऑक्सिजन अणूंचा, म्हणजे रेणूभार सुमारे २२० चा असतो. चंदनाचा टिकाऊ, स्निग्ध भासणारा गंध प्रामुख्याने या घटकांचा आहे, व त्यात बीटा-सँटॅलॉलचा वाटा मोठा आहे.

बीजतेलात सँटॅलॉल नसते. गाभा हा झाडाच्या खोडातील जुन्या, मृत पेशींचा भाग. तेथे वृक्ष हे सुगंधी द्रव्य साठवतो. बीज हा अंकुरासाठी साठवलेल्या अन्नाचा भाग. तेथे वृक्ष स्नेह साठवतो. दोन अवयवांची कार्ये भिन्न, म्हणून त्यांतील द्रव्येही भिन्न. एकाच वृक्षाचे म्हणून ती एक होत नाहीत.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

हे सत्य आयुर्वेदास नवे नाही. एरंडाचे मूळ वातहर म्हणून क्वाथात योजतो आणि एरंडतेल विरेचनासाठी देतो. मुळाच्या जागी तेल द्यावे असे कोणी म्हणत नाही. बिभीतकाच्या फळाची साल त्रिफळेत जाते. त्याच फळाचा मगज मदकारी म्हणून वर्णिलेला आहे. द्रव्याचे नाव घेताना त्याचे प्रयोज्य अंग कोणते, हा प्रश्न आपल्या परिभाषेत पदोपदी विचारला गेला आहे. वटादींची त्वचा घ्यावी व बीजकादींचे सार घ्यावे, हा शार्ङ्गधराचा नियम सर्वांस ठाऊक आहे. चूर्ण, स्नेह, आसव व लेह यांत बहुधा श्वेतचंदन आणि क्वाथ व लेपात बहुधा रक्तचंदन घ्यावे, इतका सूक्ष्म विवेक ज्या परंपरेने सांगितला, तीत ‘चंदन’ या शब्दावरून बी व गाभा यांची सरमिसळ होण्यास जागाच नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात चंदनाचा समावेश दाहप्रशमन, वर्ण्य, कंडूघ्न, विषघ्न, तृष्णानिग्रहण व अंगमर्दप्रशमन या महाकषायांत केला आहे. सुश्रुताचार्यांच्या सारिवादि, पटोलादि व गुडूच्यादि गणांतही चंदन येते. भावप्रकाशाने कर्पूरादिवर्गात उत्तम चंदनाची लक्षणे सांगताना चव कडू, घासल्यास पिवळे, कापल्यास तांबडे व वरून पांढरे असे जे वर्णन केले आहे, ते निःसंशय काष्ठाचेच आहे. सहाणेवर उगाळता येते ते खोड, बी नव्हे. अर्थात चंदनाचे म्हणून जे रस-गुण-वीर्य आपण पाठ केले आहेत, तिक्त रस, लघु-रूक्ष गुण व शीत वीर्य, ते सारकाष्ठाचे आहेत.

मग बीजतेलाचा विचार कोठे करावा? चरकाने स्नेहाध्यायात स्थावर स्नेहांच्या योनी सांगितल्या आहेत. तीळ, प्रियाल, बिभीतक, एरंड, मधूक, सर्षप, कुसुंभ, अतसी, करंज, शिग्रू इत्यादी. त्या यादीत चंदनबीज नाही. सुश्रुताने द्रवद्रव्यविधीच्या अध्यायात फळा-बियांची तेले एकीकडे व सरल, शिंशपा, अगुरु यांसारख्या वृक्षांचे सारस्नेह दुसरीकडे असे वेगळे वर्णन केले आहे. सारस्नेहांना तिक्त, कटू, कषाय रस व दुष्टव्रणशोधन, कृमी-कफ-कुष्ठहर ही कर्मे सांगितली आहेत. लाकडातील स्नेह आणि बियांतील स्नेह हे भिन्न वर्ग आहेत, ही जाण इतक्या प्राचीन काळी स्पष्टपणे नोंदवलेली पाहून आम्हांस आदर वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच अध्यायाच्या तैलवर्गात सुश्रुताचार्य सर्व स्थावर स्नेह सामान्यतः तिळतेलाच्या गुणांचे व वातशामक समजावेत असा नियम घालून देतात. चंदनबीजतेल हे अनुक्त द्रव्य असल्याने प्रथम या सामान्य नियमानेच पाहावे लागेल. म्हणजे ते स्निग्ध आणि तिळतेलासारखे उष्णतेकडे झुकणारे मानावे लागेल. सारचंदन रूक्ष व शीत. बीजतेल स्निग्ध व, सामान्य नियमाने, उष्ण. दोन्ही द्रव्ये केवळ भिन्न नाहीत, तर मूलभूत गुणांत परस्परविरुद्ध ठरतात. ज्या दाह, तृष्णा, रक्तपित्त व मूत्रकृच्छ्राच्या रुग्णास आपण चंदन शीत म्हणून देतो, त्यास बीजतेल देणे हे निष्फळच नव्हे, तर विपरीतही ठरू शकते. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णाचा दाह का शमला नाही, याचा उलगडा यात मिळतो. विशेष गुणांचा निर्णय मात्र प्रत्यक्ष परीक्षणानेच करावा लागेल, हे उघड आहे.

प्रायोगिक अभ्यास काय सांगतात?

१९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी पेशींवरील प्रयोगात झिमेनिनिक आम्लामुळे ल्युकोट्राईन व थ्रोंबॉक्सेन या शोथ व रक्तगोठणाशी संबंधित द्रव्यांच्या निर्मितीस अटकाव होतो असे दाखवले. १९९५ मध्ये क्वांडाँगच्या तेलातून विलग केलेल्या याच आम्लाची काही ग्रॅम-धन जीवाणू व बुरशींवर रोधक क्रिया नोंदवली गेली. त्वचारोगांतील स्थानिक वापरास यांतून काही आधार मिळतो. तथापि हे प्रयोग मुक्त आम्लावर झाले आहेत. तेलात हे आम्ल ग्लिसरॉलला बांधलेल्या स्थितीत असते. म्हणून शुद्ध आम्लाचे कर्म तेच तेलाचे कर्म, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सौंदर्यप्रसाधनांत झिमेनिनिक आम्ल व ते असलेली तेले आज वापरली जातात, तीही बाह्य उपयोगासाठीच.

पोटातील वापराविषयीचे अभ्यास अधिक सावधपणे वाचले पाहिजेत. १९९४ मध्ये उंदरांच्या जातीतील प्राण्यांना क्वांडाँगचे तेल खाऊ घालून केलेल्या अभ्यासात हे आम्ल शरीरातील धातूंत शिरत असल्याचे आणि यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या विकरसमूहाच्या कार्यात वाढ होत असल्याचे आढळले. १९९७ मध्ये लियू व लाँगमोर यांनी उंदरांना ऑस्ट्रेलियन चंदनबीजतेल आहारातून दिले, तेव्हा मेद व यकृत यांत झिमेनिनिक आम्ल आढळले, मेंदूत आढळले नाही. आणि या अवयवांतील मेदाम्लांचे परस्परप्रमाण बदललेले दिसले.

या निष्कर्षांवरून तेल विषारी ठरत नाही, तसेच ते निर्धोकही ठरत नाही. यकृतातील हे विकर अनेक औषधांच्या व मेदाम्लांच्या पचनाचे काम करतात. त्यांच्या कार्यात बदल घडवणारे द्रव्य इतर औषधे घेणाऱ्या रुग्णास नकळत देणे, तेही चंदनाच्या नावाने, हे कोणत्याही शास्त्रास मान्य होणार नाही. अज्ञात औषध हे विष, शस्त्र व अग्नीप्रमाणे आणि ज्ञात औषध अमृताप्रमाणे, असे चरकाने म्हटले आहे. येथे ते शब्दशः लागू पडते.

चिकित्सालयातील साधी परीक्षा

प्रत्येक वैद्याकडे प्रयोगशाळा नसते. तरीही पुढील साध्या परीक्षांनी मोठी फसवणूक टळू शकते.

१. गंध : टिपकागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी वास घ्यावा. काष्ठतेलाचा मंद, गोड गंध टिकून असतो. बीजतेलास चंदनाचा गंध नसतो. परंतु वरून कृत्रिम सुगंध मिसळलेला असू शकतो. म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

२. मद्यार्कात विद्राव्यता : एक भाग तेल ७० टक्के मद्यार्काच्या पाच भागांत २० अंश सेल्सिअसला हलवावे. शुद्ध काष्ठतेल स्वच्छ विरघळते. बीजतेल वा त्याची भेसळ असल्यास मिश्रण गढूळ राहते किंवा तळाशी थर साचतो. चंदनतेलातील एरंडतेलाची जुनी भेसळही या परीक्षेत उघड होते.

३. साबणीकरण : मद्यार्कातील पोटॅशच्या द्रावणाबरोबर तेल जलतापकावर उकळून मद्यार्क उडवावा व पाणी घालून हलवावे. भरपूर टिकाऊ फेस आल्यास स्थिर तेल आहे असे समजावे.

४. विशिष्ट गुरुत्व : काष्ठतेलाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ०.९७ ते ०.९८ असते, स्थिर तेले सामान्यतः याहून हलकी असतात.

५. कागदावरील डाग : ही परीक्षा येथे फसवी आहे. चंदनाचे काष्ठतेल उडनशील असले तरी त्यातील घटकांचा उत्कलनांक फार उंच असल्याने त्याचाही डाग बराच काळ राहतो. केवळ डाग पडला म्हणून काष्ठतेल नाकारू नये.

शंका उरल्यास नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे वायुवर्णलेखनासाठी पाठवावा. त्यात सँटॅलॉलचे प्रमाण व मेदाम्लांची उपस्थिती दोन्ही निश्चित होतात. शिवाय खरेदी करतानाच लेबल वाचण्याची सवय ठेवावी. आयुर्वेदीय औषधांसाठीच्या नियम १६१ अन्वये घटकवनस्पतीचे नाव व वापरलेले अंग लेबलवर असणे अपेक्षित आहे. जेथे केवळ ‘चंदन तेल’ लिहिलेले आहे आणि अंग लिहिलेले नाही, तेथे विक्रेत्यास लेखी विचारणा करावी.

लागवड करणाऱ्यांच्या दृष्टीने

या विषयास आणखी एक बाजू आहे. १९९८ पासून भारतीय चंदन जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित गटात आहे. कर्नाटकाने २००१ मध्ये व तमिळनाडूने २००२ मध्ये कायद्यात बदल करून खासगी जमिनीवरील चंदनाची मालकी जमीनधारकास दिली. त्यानंतर खासगी लागवडीकडे कल वाढला. महाराष्ट्रातही अनेक शेतकऱ्यांनी चंदन लावले आहे. गाभा हाती येईपर्यंत त्यांना दीर्घकाळ राखण करावी लागते आणि चोरीची धास्ती सतत असते. अशा शेतकऱ्यास उभ्या झाडापासून मिळणाऱ्या बियांतून काही उत्पन्न मिळाले, तर ते स्वागतार्हच आहे. झाड न तोडता मिळणारे उत्पन्न हे वृक्षाच्याही हिताचे आहे.

परंतु हे उत्पन्न टिकायचे असेल तर तेल स्वतःच्या नावाने विकले गेले पाहिजे. ‘चंदनबीजतेल, बाह्योपयोगासाठी’ असे स्पष्ट लिहून, झिमेनिनिक आम्लाचे प्रमाण देऊन ते बाजारात आले, तर त्यास त्याच्या गुणांनी ग्राहक मिळेल. काष्ठतेलाच्या नावामागे लपून आले, तर एकदा परीक्षेत सापडताच दोन्ही तेलांवरील विश्वास उडेल, आणि नुकसान प्रामाणिक शेतकऱ्याचे होईल.

उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. चंदनबीजतेल हे झिमेनिनिक आम्लप्रधान स्थिर तेल आहे. त्यात सँटॅलॉल नाही. शास्त्रोक्त चंदनाचे शीत, दाहशामक, मूत्रल इत्यादी गुण सारकाष्ठाचे असून ते बीजतेलावर आरोपित करता येत नाहीत. चंदनादि कल्पांत चंदनाचा प्रतिनिधी म्हणून बीजतेल वापरू नये. आभ्यंतर उपयोग, विशेषतः गर्भिणी, बालक, यकृद्विकारी व अन्य औषधे घेणारे रुग्ण यांत, पूर्णतः टाळावा. बाह्योपयोग करावयाचा असल्यास प्रथम हाताच्या आतील बाजूस अल्प भागावर लावून एक दिवस पाहावे, मग अल्प प्रमाणात, सिद्धतैलात मिसळून योजावे, आणि आलेले अनुभव, चांगले व वाईट दोन्ही, नोंदवून ठेवावेत. अनुक्त द्रव्याचे रस, गुण, वीर्य व कर्म निश्चित करण्याचा मार्ग अशा प्रामाणिक नोंदींतूनच जातो, आणि ते कार्य आपल्यासारख्या चिकित्सकांचेच आहे.

त्या विक्रेत्याच्या प्रश्नास आम्ही शेवटी असे उत्तर दिले, की बी चंदनाचेच, तेल त्या बियांचेच; त्याला नावही बियांचेच द्या. आमच्या व्यवसायबंधूंनी उरलेली बाटली परत केली, रुग्णास उगाळलेले सारचंदन तांदुळाच्या धुवणातून सुरू केले, आणि आपल्या औषधालयातील प्रत्येक तेलाच्या बाटलीवर वनस्पतीच्या नावापुढे वापरलेले अंग स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. ही सवय आपण सर्वांनीच लावून घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे.